फुग्यावरचा हात

कल्पना करा, तुम्हाला एका खाटेच्या डोक्याशी स्टुलावर बसवलं आहे आणि उजव्या हातात नारळाएवढा रबरी फुगा दिला आहे. फुग्याच्या एका टोकाला ऑक्सिजनची नळी आहे, दुसरं टोक तुमच्या माणसाच्या घशात गेलेल्या नळीला जोडलेलं आहे. फुगा दाबायचा, छाती वर आलेली पाहायची, सोडायचा. मनात चार आकडे मोजून पुन्हा दाबायचा. मिनिटाला पंधरा वेळा, तासाला नऊशे वेळा. हात भरून आला तर बदलायचा, पण बदलताना मोजणी चुकवायची नाही. कुणी काही विचारलं तर त्याच्याकडे न बघता उत्तर द्यायचं. तुम्ही विसरलात तर खाटेवरचं माणूस तुम्हाला आठवण करून देऊ शकत नाही. ते जागं आहे, सगळं ऐकतं आहे, पण त्याला बोटसुद्धा हलवता येत नाही.

आता हे एक तास करून बघा. नुसतं मनात.

जयप्रकाश पाटोळे आणि त्यांच्या माणसांनी हे काम १९९५ च्या नोव्हेंबरात चार दिवस केलं. खाटेवर त्यांची बायको सुनयना होती. चार दिवसांत फुगा शहाऐंशी हजार वेळा तरी दाबला गेला असेल, असं पाटोळ्यांनी नंतर गुणाकार करून काढलं. त्यातले काही दाब चुकले. किती चुकले, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

पाटोळे मूळचे नेवासे तालुक्यातले. आजोबांपासून घर ख्रिस्ती. आयटीआय झालं, मग बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास झाले आणि महाप्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात लागले. लग्नानंतर कोपरखैरण्याला सिडकोचं एका खोलीचं घर मिळालं. मागच्या खिडकीतून बोनकोडे गावाची कौलं दिसायची. जवळपास चर्च नव्हतं. वाशीच्या एका शाळेचा हॉल रविवारी दोन तास भाड्याने मिळायचा, तिथे चाळीसएक घरांची मंडळी जमायची. बाकं मुलांची, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे छातीला लागायचे.

बॉयलरवरच्या माणसाला दोन गोष्टी आधी शिकवतात. पहिली, पाण्याच्या काचेवरची नजर काढायची नाही. आत पाणी किती आहे ते त्या उभ्या काचेत दिसतं, आणि ते खाली गेलेलं वेळेत दिसलं नाही तर पुढचं काही बघायला माणूस उरेलच असं नाही. दुसरी, बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाटोळ्यांनी चौदा वर्षांत या दोन्ही गोष्टी कधी मोडल्या नव्हत्या. कामावर बसण्याआधी ते दोन मिनिटं प्रार्थना करायचे, तीसुद्धा काचेकडे बघत. त्यांच्यासोबत कामाला साताऱ्याचा किसन जाधव होता. त्याला याची फार गंमत वाटायची.

"डोळे उघडे ठेवून कुणी देवाशी बोलतं का पाटोळे," तो म्हणायचा. "देवाला वाटत असेल, हा माझ्यावरच पाळत ठेवून आहे."

पाटोळे सांगायचे की घरी आणि हॉलवर डोळे मिटतो, इथे देव समजून घेतो.

सुनयना बालवाडीत शिकवायची. तिची ओळख मंडळीत तिच्या पाठांतरामुळे होती. दर रविवारी उपासनेच्या शेवटी त्या आठवड्यात वाढदिवस असणाऱ्यांना पुढे बोलावायची पद्धत होती, आणि ती यादी कुठेही लिहिलेली नव्हती. ती सुनयनाच्या डोक्यात होती. चाळीस घरांतल्या प्रत्येकाचा जन्मदिवस, लग्नाचा दिवस, मुलांच्या बाप्तिस्म्याची तारीख. पाळकसाहेबांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, स्वतःचा लग्नाचा दिवस एकदा त्यांच्या ध्यानात नव्हता, तो तिने सगळ्यांसमोर सांगितला. पाळकीणबाई आठवडाभर साहेबांशी बोलल्या नाहीत म्हणे.

चौदा नोव्हेंबरला बालवाडीत बालदिनाचा कार्यक्रम होता. मुलांना रांगेत उभं करताना तिची एक चप्पल पायातून निसटली आणि ती तशीच दहा पावलं चालली. एका मुलीने सांगितलं, बाई, तुमची चप्पल. तेव्हा तिला कळलं. दुसऱ्या दिवशी पायाला मुंग्या. तिसऱ्या दिवशी चहाचं पातेलं उचलेना. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शन दिलं. शुक्रवारी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणावं लागलं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. पाटोळ्यांना त्यातलं एवढंच समजलं की शरीरातल्या वायरींवरचं आवरण जळालं आहे, आतली तार शाबूत आहे, आवरण पुन्हा येतं, पण वेळ लागतो. हे त्यांना पटलं. वायरीचं दुखणं ते समजू शकत होते. सोमवारी सकाळी ते जळणं छातीपर्यंत आलं आणि सुनयनाचा श्वास थांबू लागला. डॉक्टरांनी घशात नळी घातली. श्वासाचं मशीन त्या हॉस्पिटलात एकच होतं आणि त्यावर एक म्हातारा पेशंट होता. मुंबईला दोन ठिकाणी फोन करून झाले, तिथेही मशीन मोकळं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मशीन मिळेपर्यंत हाताने श्वास द्यावा लागेल. सिस्टर दोनच आहेत. माणसं किती आहेत तुमच्याकडे?

पाटोळे म्हणाले, आहेत.

कारखान्याच्या लॉगशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पट्टीने रकाने आखले. एकेका तासाची पाळी. मंडळीतली अकरा माणसं, कारखान्यातली चार, सुनयनाचा भाऊ दिलीप, पाटोळ्यांची आई राजाबाई आणि ते स्वतः. कागदाच्या वर त्यांनी लाल पेनाने नियम लिहिला: पुढच्याचा हात फुग्यावर आल्याशिवाय आपला हात काढायचा नाही. तो कागद खाटेच्या लोखंडी दांड्याला दोऱ्याने बांधला.

प्रत्येकाची दाबायची तऱ्हा वेगळी होती. दिलीप घड्याळाच्या काट्याकडे बघून दाबायचा आणि मधेच रडायला लागायचा, तरी चुकायचा नाही. किसन मोठ्याने आकडे मोजायचा आणि मधूनमधून सुनयनाला बातम्या द्यायचा. वहिनी, पाटोळे तुमच्याशिवाय दोन वेगवेगळे मोजे घालून आलाय, उठून बघा तरी. राजाबाई नेवाशाहून सोमवारीच संध्याकाळी आल्या होत्या. त्यांना घड्याळ कळत नव्हतं, म्हणून सिस्टर त्यांना बसू देईना.

"मला काटं कळत न्हाईत, पन प्रभूची प्रार्थना पाठ हाय," राजाबाई म्हणाल्या. "एकेका बोलाला एक दाब. लावून बघा तुमचं घड्याळ."

पाटोळ्यांनी घड्याळ लावून बघितलं. एक प्रार्थना, पंधरा दाब, साठ सेकंद. पुन्हा सुरुवात, पुन्हा साठ. चार दिवसांत राजाबाईंइतकी सारखी चाल कुणाचीच नव्हती. त्या पुटपुटत नसत, ओठ हलवत नसत. नुसता हात उघडमीट व्हायचा.

सुनयनाच्या पापण्यांतलं बळही मंगळवारी गेलं. डोळे मिटलेले, वर ओल्या कापसाच्या घड्या. डॉक्टर म्हणायचे, त्यांना सगळं ऐकू येतं, बोलत राहा. ती कशी आहे हे कळायला काहीच नव्हतं. बॉयलरला काच असते, पाटोळे म्हणायचे, इथे काच नव्हती. छाती वर आली की नाही, एवढंच बघायचं.

मशीनवरचा म्हातारा करावे गावचा होता. नाव आप्पा, खाडीत मासे पकडणारा. त्याची बायको पुतळाबाई वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली असायची, कारण मशीनच्या खोलीत तिला बसू देत नव्हते. दोन्ही घरांना ठाऊक होतं की आप्पाच्या मशीनची सुनयनाला गरज आहे. त्यामुळे पाटोळ्यांची माणसं तिच्याशी बोलायला कचरत. बुधवारी दुपारी ज्याची पाळी होती तो वेळेवर आला नाही आणि दिलीपच्या हाताला गोळे आले, तेव्हा ती आपण होऊन आत आली.

"दे मना," ती म्हणाली. "माज्या मानसाला मशीन वारा देतंय, मी नुसती बसून हाय. हिला मी देते."

जाळी ओढून ओढून तिचे तळवे लाकडासारखे झाले होते. तिने पाऊण तास फुगा दाबला. हात एकदाही बदलला नाही. पाटोळ्यांनी तक्त्यावर तिचं नाव पेनाने लिहिलं.

आता गुरुवार.

गुरुवारी चार ते पाच पाटोळ्यांची पाळी होती. दिलीपने फुगा त्यांच्या हातात दिला आणि तो चहाला खाली गेला. राजाबाई घरी होत्या, सात वर्षांच्या नातीपाशी, जाईपाशी. सव्वाचारच्या सुमारास पाळकसाहेब मंडळीतल्या सहा जणांना घेऊन आले. सिस्टरने पाच मिनिटं दिली. सगळ्यांनी हलक्या आवाजात, मंडळीच्या रीतीप्रमाणे, सलाम केला. साहेबांनी एक लहानसा उतारा वाचला. पाटोळे दाबत होते, मोजत होते. मग साहेब म्हणाले, "आपण सगळे आपल्या बहिणीवर हात ठेवू या आणि प्रार्थना करू या."

ही गोष्ट पाटोळे शिकले नव्हते, ते त्यात वाढले होते. गावाकडे कुणी आजारी पडलं की सगळं घर भोवती उभं राहायचं आणि उजवा हात त्याच्यावर ठेवायचं. लहान मुलांचे हात पोचायचे नाहीत, म्हणून त्यांना कडेवर घ्यायचे. वडील गेले तेव्हा वडिलांवर, जाईला न्यूमोनिया झाला तेव्हा जाईवर. उजवा हात ठेवायचा आणि डोळे मिटायचे.

पाटोळ्यांनी उजवा हात सुनयनाच्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले.

त्यांना आठवतं ते असं. कपाळ गार होतं. साहेबांचा आवाज खाली होता आणि मग वर चढत गेला. पाटोळ्यांनी मनात, आमेन म्हणायच्या आधी, सुनयनाचं नाव घेतलं, जाईचं घेतलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की आता आपल्या हातात काही नाही, ज्याच्या हातात आहे त्याच्या आहे. फार बरं वाटलं. मग फुग्याचा आवाज आला.

त्यांनी डोळे उघडले. फुगा पुतळाबाईच्या हातात होता. हिरव्या बांगड्यांचा तो हात दाबत होता, सोडत होता. ती त्यांच्याकडे बघत होती. बाकी सगळ्यांचे डोळे अजून मिटलेले होते. साहेबांनी आमेन म्हटलं, सगळ्यांनी म्हटलं, आणि कुणालाच काही कळलं नाही. साहेबांनाही नाही. फुगा कुणाच्या हातात होता हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. पुतळाबाईने आणखी वीस-पंचवीस दाब दिले, मग फुगा पाटोळ्यांच्या हातात ठेवला, आपल्या हाताने त्यांची बोटं त्यावर मिटली आणि ती जाऊन दाराशी बसली.

शुक्रवारी सकाळी सहाला आप्पा गेला. साडेआठला सुनयना मशीनवर होती.

मंडळीतल्या काही बायका ते ऐकून वॉर्डाबाहेरच स्तुतीचं गाणं म्हणायला लागल्या. राजाबाईंनी त्यांना थांबवलं. "ती बाई तिथं बसलीय," त्या म्हणाल्या. "गानं घरी जाऊन म्हना." पाटोळे पुतळाबाईकडे गेले तेव्हा तिचे नातेवाईक आले होते, रिक्षा उभी होती. तिला काही विचारायची ती वेळ नव्हती.

सुनयना सव्वीस दिवस मशीनवर होती. नाताळ वॉर्डात झाला. जाईने खिडकीत कागदी तारा लावला आणि आई आल्याशिवाय काढणार नाही म्हणाली. तो फेब्रुवारीपर्यंत तिथे राहिला. उन्हाने त्याचा लाल रंग गुलाबी झाला. शेजारच्या वैशालीताई रोज सकाळी जाईची वेणी घालून द्यायच्या, मंडळीतलं एकेक घर पाळीपाळीने डबा पाठवायचं, त्यासाठीही पाटोळ्यांचाच तक्ता होता. राजाबाई सुनयनाची बोटं एकेक करून तेलाने चोळायच्या आणि प्रत्येक बोटाला प्रार्थनेचा एक बोल. जूनमध्ये सुनयना काठी घेऊन चालली. दिवाळीत काठी सुटली. डॉक्टर म्हणाले, आवरण आलं.

त्यानंतरच्या रविवारी हॉलवर ती पहिल्यांदा पुढे उभी राहिली, त्या आठवड्यातले वाढदिवस सांगायला. दोन नावं सांगितली. मग थांबली. हसली. म्हणाली, पुढचं येत नाही हो. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. चालत आली हेच खूप होतं.

पुढच्या रविवारीही आलं नाही. तिने वही केली. वहीत बघून ती सांगू लागली. बालवाडीतल्या मुलांची नावं तिला शर्टावर पिनेने लावून ठेवावी लागायची. दूध गॅसवर ठेवल्याचं ती विसरायची. ती याला फार महत्त्व देत नव्हती. जीव वाचला तिथे वाढदिवस गेले तर गेले, असं ती म्हणायची.

पाटोळ्यांनी डॉक्टरांना विचारलं, या आजारात डोक्यावर परिणाम होतो का. डॉक्टर म्हणाले, सहसा नाही. पण इतके दिवस मशीनवर, इतकी औषधं, काही सांगता येत नाही.

त्या वर्षी कारखान्यात प्रथमोपचाराचा वर्ग झाला. शिकवायला आलेल्या माणसाला पाटोळ्यांनी विचारलं, श्वास थांबला तर मेंदू किती वेळ टिकतो. तो म्हणाला, मिनिटभराने काही होत नाही. चार मिनिटांच्या पुढे नुकसान होतंच. मधलं ज्याच्या त्याच्या तब्येतीवर.

म्हणजे हा प्रश्न आकड्याचा होता. पाटोळ्यांना हायसं वाटलं. आकडा काढता येतो.

सुनयना बालवाडीत गेली की ते स्वयंपाकघरात उभे राहायचे, स्टॉपवॉच सुरू करायचे आणि साहेबांची प्रार्थना आठवेल तशी म्हणायचे. पहिल्यांदा बावन्न सेकंद आले. दुसऱ्यांदा एक मिनिट चाळीस. एकदा दोन पस्तीस. आवाज कुठे वर चढला होता, साहेब कुठे थांबले होते, प्रत्येक वेळी निराळं आठवायचं. हा खटाटोप त्यांनी सुनयनाला कळू दिला नाही. साहेबांची तोवर नगरला बदली झाली होती. पाटोळ्यांनी पत्र लिहिलं, आजाऱ्यासाठी आपण साधारण किती वेळ प्रार्थना करता? साहेबांचं उत्तर आलं. पवित्र आत्मा नेईल तितका वेळ, भाऊ. घड्याळ बघून प्रार्थना होत नाही. खाली सुनयनाला आणि जाईला आशीर्वाद.

तेव्हापासून पाटोळे प्रार्थनेत डोळे मिटत नाहीत. जेवणाआधी तिघं हात धरतात, सुनयना प्रार्थना करते, आणि ते तिच्या छातीकडे बघत राहतात. वर येते, खाली जाते. एकदा जाईने सांगून टाकलं की पप्पा डोळे उघडे ठेवतात.

"तुला गं कसं कळलं?" सुनयनाने विचारलं. जाईने पटकन डोळे मिटले. सुनयना खूप हसली. पाटोळेही हसले.

साक्ष द्यायची पद्धत मंडळीत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. सुनयना दर नोव्हेंबरात तिच्या आजाराची साक्ष देते. फार छान देते. डोळे मिटलेले होते, पण मी सगळं ऐकत होते, म्हणते. सोमवारी डॉक्टर माझ्या उशाशी उभे राहून दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाले, आशा कमी आहे. मंगळवारी किसनभाऊंनी यांच्या मोज्यांचं सांगितलं आणि मला हसू आलं, पण हसायला काही हलेना. सासूबाईंचा हात आला की मी त्यांच्याबरोबर मनात प्रार्थना म्हणायचे, कारण दाब कधी येणार ते मला आधीच कळायचं. बुधवारी एक अनोळखी हात आला, फार जड आणि फार शांत. शुक्रवारी मशीन आलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार. पहिल्या वर्षी पाटोळ्यांना वाटलं, बोलण्याच्या ओघात राहिलं. दुसऱ्या वर्षीही गुरुवार आला नाही.

१९९८ च्या ऑक्टोबरात एका सुट्टीच्या दिवशी ते कराव्याला गेले. सीवूड्सच्या नव्या इमारती संपल्या की गाव लागतं. विचारत विचारत आप्पाचं घर सापडलं. पुतळाबाई ओट्यावर जवळा निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि ओळखलं. बायको कशी हाय, तिने आधी विचारलं. चालते, बालवाडीत जाते, हे ऐकून तिने दोन्ही हात कपाळाला लावले. सून आतून पाणी घेऊन आली. आप्पाचा फोटो भिंतीवर होता, हार ताजा होता.

पाटोळ्यांनी बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं. मग विचारलं.

"त्या दिवशी, गुरुवारी. माझ्या हातातून फुगा सुटला होता."

"व्हय. गादीवर पडला व्हता."

"तुम्ही किती वेळाने धरला?"

"लगेच धरला रं."

"लगेच म्हणजे किती?"

"लगेच म्हंजे लगेच. मी काय घड्याळ घालते?" तिने दोन्ही मनगटं पुढे केली. आता त्यांत बांगड्याही नव्हत्या. "तुमी समदे डोळे मिटून उभे. मी दारातनं बघितलं, म्हटलं ह्यांचं काय चाललंय. आले नि धरला."

ती पुन्हा जवळा निवडू लागली. जरा वेळाने, मान वर न करता, म्हणाली, "पहिला दाब दिला तवा तिच्या डोळ्यातनं पानी आलं. कापसाखालनं. जागी व्हती ती."

पाटोळ्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. तीन वर्षं त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली होती, की त्या वेळी कदाचित तिला झोप लागली असेल.

ते उठले तेव्हा पुतळाबाईने विचारलं, "त्या दिशी तुमच्या पाद्र्यानं देवाला सांगितलं, तवा माज्या मानसाचं नाव घेतलं का रं? मना दारातनं नीट ऐकू नाय आलं."

ती प्रार्थना पाटोळ्यांनी स्वयंपाकघरात शंभर वेळा तरी म्हटली होती. तीत आप्पाचं नाव कुठेच नव्हतं.

"घेतलं होतं," ते म्हणाले. "लगेच, सुरुवातीलाच."

तिने मान हलवली. बरं वाटलं तिला, ते दिसत होतं. तिने कागदात बांधून मूठभर सुका जवळा दिला.

नेरूळपर्यंत ते चालत आले. आपल्या तोंडून ते उत्तर किती सहज निघालं, याचंच त्यांना चालताना नवल वाटत होतं. आणि मग पुतळाबाईचा 'लगेच' हा शब्द आठवला, आणि त्या शब्दाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

घरी सुनयना वही घेऊन बसली होती, रविवारचे वाढदिवस काढत. कागदाच्या पुडीचा वास तिला आधी आला. तिने विचारलं, कुठे गेला होता.

"कराव्याला."

तिने मान वर केली. "पुतळाबाईंकडे?" ती म्हणाली. "बऱ्या आहेत ना त्या?"

शेजारणीचं नाव दिवसातून दोनदा विसरणाऱ्या बाईने हे नाव वहीत न बघता घेतलं होतं. जिचं नाव घेतलं, तिचा चेहरा तिने कधी पाहिलेलाही नव्हता. पाटोळे म्हणाले, बऱ्या आहेत. तिने पुडी घेतली, वास घेतला, उद्या करते म्हणाली आणि पुन्हा वहीत बघू लागली. पाटोळे दारात उभे होते. विचारायचं ते ओठांवर होतं. जाई खेळून आली, आणि ते राहिलं.

नोव्हेंबरात सुनयनाने पुन्हा साक्ष दिली. हॉल भरलेला होता, नव्या इमारतींतली बरीच नवी घरं आली होती. राजाबाई पहिल्या बाकावर. पाटोळे मागे, भिंतीशी उभे, डोळे उघडे. सुनयनाने सोमवार सांगितला. मंगळवारचे मोजे सांगितले, सगळे हसले. बुधवारचा जड, शांत हात सांगितला, आणि या वेळी त्या हाताचं नाव सांगितलं. मग ती थांबली. पाण्याचा घोट घेतला. हॉलच्या मागच्या भिंतीकडे, पाटोळे उभे होते तिकडे, तिने एकदा पाहिलं.

"आणि शुक्रवारी," ती म्हणाली, "मशीन आलं."

मला हे सगळं सांगून झाल्यावर पाटोळे बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. सेकंदांचा आकडा त्यांना आता नको आहे. तिला दोष द्यायचा असेल तर तोही ते घेतील. त्यांना फक्त एवढंच हवं आहे, की कुणीतरी सांगावं: सुनयनाला तो गुरुवार आठवत नाही, की ती तो त्यांच्यासाठी सांगत नाही?